साठाव्या दिवसाची लाथ

कोपरीच्या शकू सिस्टर वीस वर्षं एकच काम करत आल्या आहेत. कुठल्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले की पोलिओच्या तपासणीसाठी त्याच्या शौचाचे दोन नमुने बर्फात घालून पाठवायचे आणि साठाव्या दिवशी त्याला पुन्हा बघायचं.

चार वर्षांच्या यशोधराच्या नमुन्यांत पोलिओ निघाला नव्हता. पण तेव्हा तिला उभंही राहता येत नव्हतं. आज सिस्टर तिच्या खाटेसमोर उकिडव्या बसल्या, तिच्या पायाच्या तळव्याला हात लावला. "ढकल गं, लाव जोर!"

पोरीने अशी लाथ हाणली की सिस्टर मागे आपटल्या आणि चष्मा खाटेखाली गेला.

"अगं, सिस्टरना मारतेस?" आई ओरडली.

"तू गप्प बस गं!" सिस्टर खेकसल्या आणि पोरीचा दुसरा पाय धरला. "आता ह्याने मार."