उतरणीच्या खुणा

सिरिल पोदगोर्निक दर मार्चमध्ये राजीनामा देतो. आमच्या गिर्यारोहक मंडळाची वार्षिक सभा संपत आली, अक्रोड भरलेला गोड रोल, म्हणजे आमची पोतित्सा, कापून झाली, की अध्यक्षमहाशय उभे राहतात आणि आता तरुणांनी बघावं, असं जाहीर करतात. मी सचिव. ते वाक्य मी इतिवृत्तात आदल्या दिवशीच लिहून ठेवते. शाळेपासून ओळखते त्याला.

तरुण येतातही. एप्रिल संपायच्या आत पळून जातात.

बर्फ गेलं की डोंगरवाटेवरची प्रत्येक खूण नव्यानं रंगवावी लागते. तांबडं कडं, आत पांढरा ठिपका. झाडं वाढतात, साल तडकते, खूण झाडाबरोबर ताणली जाते. सिरिलनं हे काम एकतीस वर्षं एकही वसंत न चुकवता केलं, हे कबूल करायलाच हवं. पण त्यानं ते दुसऱ्याला दिलं, की दुसऱ्या दिवशी स्वतः ब्रश घेऊन मागोमाग जायचं आणि सगळं ‘जरासं नीट’ करून यायचं. असे तिघं गेले. त्यातला एक अजून त्याला बघून रस्ता ओलांडतो.

यंदा तादेयानं हात वर केला. गावची गुरांची डॉक्टर, छत्तिशीची, बैलालाही न घाबरणारी. भर सभेत म्हणाली, “सिरिलकाका, वाट मी घेते. पण माझ्यामागून एक जरी ठिपका रंगवलात, तर डबा तुमच्या दारात ठेवून जाईन. मग शोधा पाचवा माणूस.”

पाचवा नव्हताच. आणि सिरिलच्या गुडघ्यात फार तर आणखी दोन वसंत शिल्लक होते. म्हणजे वाट राहणार की रानात जाणार, हे आता एका हट्टी म्हाताऱ्याच्या हाताच्या खाजेवर होतं.

दोन शनिवारांत तादेयानं वाट रंगवत जवळजवळ खालपर्यंत आणली. पुढच्या रविवारी सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर सिरिल वर निघालेला आणि कोटाच्या खिशातून ब्रशचा दांडा डोकावतोय. मी बूट चढवले आणि त्याला गाठलं. या वयात मला नवं मंडळ शोधायचं नव्हतं.

चढताना प्रत्येक खुणेपाशी त्याची कुरकुर. हे कडं जाड, हा ठिपका खाली. मी त्याला हात खिशात ठेव म्हणून बजावलं.

शिखरावर पाव-सॉसेज खाऊन उतरायला लागलो. तो सवयीनं डावीकडच्या पायवाटेला वळला आणि थबकला. सरळ वाटेवरच्या बीच झाडाच्या खोडावर, थेट आमच्याकडे तोंड करून, ताजी खूण होती.

“ही इथे कशाला?”

“उतरणाऱ्यांसाठी,” मी म्हटलं.

तेव्हा कुठे दोघांच्याही डोक्यात उजेड पडला. एकतीस वर्षं यानं खुणा फक्त चढणाऱ्याला दिसतील अशा काढल्या होत्या, कारण उतरताना स्वतः डावीकडच्या पायवाटेनं पेचनिक शेतकऱ्याच्या अंगणातून जायचा. तिथे पेअरची ब्रँडी मिळते. त्यामुळे देशभरचे लोकही उतरताना पेचनिकच्याच अंगणात येऊन स्टेशन कुठे म्हणून विचारायचे. आम्हाला वाटे, पाहुण्यांना पेचनिकबाईंचं ताक आवडतं.

ब्रश खिशातून बाहेर आला. सिरिलनं तो हातात तोलला, खुणेकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ वाटेनं खाली उतरला.

स्टेशनजवळच्या खांबावर तादेया शेवटची खूण काढत होती. तिची नजर त्याच्या हाताकडे गेली आणि चेहरा दगड झाला.

“काका, हे काय?”

“कोरडा आहे. हात लावून बघ.”

तिनं खरंच बोट फिरवून पाहिलं.

“बीचवरचं कडं अंड्यासारखं झालंय,” तो म्हणाला.

“तुमची सगळीच तशी आहेत.”

“माझी झाडं वाढल्यामुळे झालीत.” मग त्यानं ब्रश पुढे केला. “हा घे. तुझ्या ब्रशचे केस रंगात चिकटतात. आण तो डबा इकडे, मी धरतो.”

पुढच्या मार्चमध्ये पोतित्सा संपली तरी सिरिल उभा राहिला नाही. डबा धरणाऱ्याला राजीनामा द्यावा लागत नाही, म्हणाला. तादेयाला अध्यक्ष आम्ही त्याच सभेत, पोतित्सा कापण्याआधीच केलं होतं. आदल्या दिवशी लिहिलेलं वाक्य मला खोडावं लागलं, आणि खाडाखोड मला अजिबात खपत नाही.