खणातले फोन

लष्कराच्या सिग्नल्समध्ये मी बावीस वर्षं काढली आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. बर्फातल्या पोस्टवर पहिल्याच आठवड्यात सुभेदारसाहेबांनी माझी बिनपाण्याने केली होती. रेडिओवर ऑर्डर आली आणि मी "समझ गया, ओव्हर" म्हणालो.

"समझ गया नहीं," साहेब म्हणाले. "क्या समझा, वो बोल."

तेव्हापासून आलेली ऑर्डर शब्दन् शब्द परत म्हणून दाखवल्याशिवाय मी हँडसेट खाली ठेवला नाही.

निवृत्तीनंतर भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झालो. मोबाइल बघताना एका कारागिराचं बोट मशीनमध्ये गेलं, तेव्हा मीच नियम केला. मशीनवाल्यांचे फोन सकाळी गेटवर जमा, माझ्या टेबलाच्या खणात. इकडे मॅनेजर सगळे निरोप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, असा कारभार. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

त्या दिवशी दुपारी ३.१० ला मेसेज आला : "भास्कर एक्झॉस्टच्या पंख्यात काम करणार आहे. मेन स्विच लावू नये."

भास्कर आमचा इलेक्ट्रिशियन, मूळचा परभणीकडचा. रोज सकाळी "जय भीम, हवालदारसाहेब" म्हटल्याशिवाय पुढे जायचा नाही. ऑफिसातल्यांनी मेसेजखाली अंगठे टाकले. मीही टाकला. खणात फोन एकामागून एक थरथरले. तो आवाज मी ऐकला.

पाच मिनिटांनी भास्कर हत्यारांची पेटी घेऊन माझ्यासमोरून गेला.

"साहेब, मशीनवर सगळ्यांना सांगितलंय ना?"

"ग्रुपवर आलंय. जा तू."

३.२५ ला पॉलिशवाला रामसजीवन चहा पिऊन आला. मेन बंद दिसला. त्याने लावला.

हॉस्पिटलात नेईपर्यंत भास्कर संपला होता.

मॅनेजरांनी हात झटकले. "मी टाकलं होतं ना ग्रुपवर? हे बघा, अकरा जणांचे अंगठे आहेत." रामसजीवन जमिनीवर बसून एकच सांगत होता, "साब, हमको किसीने बोला नहीं." नोकरी त्याचीच गेली.

रात्री भास्कर गेल्याचा मेसेज आला. त्याखालीही पहिले दोन अंगठेच होते. सैन्यात कामी आलेल्या जवानाचं नाव घेताना आम्ही सावधान उभे राहतो. मी ग्रुप सोडला.

मला चीड येते. मॅनेजरची येते, त्या अंगठ्यांची येते, सर्वांत जास्त माझी. आता कुणी दुरुस्तीला चढलं की मी स्वतः मेनपाशी उभा राहतो आणि प्रत्येक मशीनवाल्याकडून वदवून घेतो : कोण वर आहे, काय लावायचं नाही. पोरं हसतात. हसू देत.

माझ्या टेबलापासून मेन स्विच चाळीस पावलं आहे. भास्करने मला विचारलं होतं, आणि मी खुर्चीवरून उठलो नाही.