साल न घातलेला डबा

साकोलीच्या आमच्या घरी ओव्हन कधीच नव्हता. केक करायचा झाला तर आई जाड बुडाच्या जुन्या गंजात, म्हणजे पातेल्यात, मीठ पसरायची, त्यावर जाळी, जाळीवर डबा आणि वरून घट्ट झाकण. केक झाला की नाही, हे ती सुरी खुपसून ठरवायची. सुरी कोरडी निघाली तर झाला, ओली निघाली तर कच्चा. या नियमाला तिच्याकडे अपवाद नव्हता.

त्या हिवाळ्यात मी पुण्याहून जीवरसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन घरी आले होते. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत मला संशोधनाची जागा मिळाली होती आणि महिनाअखेरीपर्यंत होकार कळवायचा होता. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या माझ्या बाबांचा उजवा हात वर्षभरापासून थरथरत होता. तेही हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवाताची शक्यता बोलून दाखवली होती, पण निश्चित सांगायला अजून वेळ लागेल असेही म्हटले होते. त्या ‘अजून’वर आमचे घर चालले होते. मी तर त्यावर माझ्या प्रवासाचे बेत रचले होते.

वाचताना मला एक गोष्ट सापडली होती. या आजारात पुष्कळदा हात थरथरण्याच्या कितीतरी आधी वास येणे बंद होते. आणि बाबांचे नाक तर गावात माहीत होते. संत्री घेताना ते सालीत नख रुतवून वास घेत आणि मगच फळ पिशवीत टाकत. महामार्गाच्या कडेला टोपली घेऊन बसणारी बाई वैतागून म्हणायची, “साहेब, नख नोका लावू जी, बाकीचे गिऱ्हाईक घेत नाही मंग.” त्यावर बाबांचे उत्तर ठरलेले असे, “डोयानं संत्रा घेणारा फसते बाई.”

त्या आठवड्यात त्यांनी आणलेल्या पिशवीत एक संत्रे बुडाशी कुजलेले निघाले. वास मला दारातच आला होता. त्या संत्र्यावरही नखाची खूण होती.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी शिकले होते. म्हणून मी चाचणी आखली. संत्रे हातात दिले असते तर ते दिसलेच असते, तेव्हा वास एखाद्या गडद पदार्थात लपवणे आवश्यक होते. शिवाय अलीकडे कोरडा चुरा घशात गेला की बाबांना ठसका लागायचा, म्हणून पदार्थ आतून ओलसर हवा होता. चॉकलेट ब्राउनी दोन्ही अटींत बसत होती.

गरम पाण्यावर चॉकलेट आणि लोणी वितळवले, साखर आणि अंडी फेटून मिसळली, मैदा अगदी थोडा घातला. मिश्रणाचे दोन भाग केले. एकात संत्र्याची केशरी साल किसून घातली, पांढरा भाग येऊ न देता. दुसऱ्यात काहीच नाही. तो तुलनेसाठी होता. आधी तो द्यायचा, मग सालीचा, आणि बाबा काय म्हणतात ते पाहायचे. दोन डबे एकसारखे होते, फक्त बिनसालीच्या डब्याच्या काठाला पोचा होता. बाबा अंगणात उन्हात बसले होते. मी त्यांना काहीही सांगितले नव्हते.

दोन्ही डबे वेळेवर उतरवून मी हात धुवायला गेले. परतले तेव्हा सालीचा डबा पुन्हा गंजात होता.

“सुरीले लागून राहिलं होतं,” आई म्हणाली. “कच्चं चारशील का बापाले?”

“आई, हे असंच काढायचं असतं. मध्ये ओलं राहायलाच हवं.”

“पुण्यात कच्चंच खाता का तुम्ही सारे? एवढी शिकली अन् शिजवता येत नाही.”

दुसराही ठेवायला ती निघाली होती, तेवढ्यात मी तो उचलला. सालीचा डबा बाहेर काढला तेव्हा त्याच्या कडा सुटून आल्या होत्या आणि मधला भाग भाकरीसारखा घट्ट झाला होता. बाबांना तो देणे शक्य नव्हते. आज निदान बिनसालीचा द्यावा, सालीचा उद्या नव्याने करावा, असे ठरवून मी बशी घेऊन अंगणात गेले.

बाबांनी घास घेतला, सावकाश घोळवला, गिळला. मग डोळे मिटून श्वास ओढला, संत्र्याला नख लावल्यावर ओढायचे तसा.

“वा बेटा,” ते म्हणाले. “काय मस्त वास येऊन राहिला संत्र्याचा.”

मी आत गेले. आई ओट्याशी पाठ करून उभी होती.

“तू सांगितलंस त्यांना?”

“सांगतलं. तू साल किसून राहिली होती, दिसली मले.” ती वळली नाही. “दोन वर्स झाले, त्यायले कायचाच वास येत नाही. दूध करपलं तरी समजत नाही. मले म्हणे, पोरीले सांगू नोको, ते मंग जायची नाही.”

म्हणजे रस्त्याकडेला ते नख, तो श्वास, त्या बाईशी ती हुज्जत, हे सगळे गेली दोन वर्षे नुसते चालू ठेवलेले होते. माझी चाचणी त्यांच्यासाठी जुनी बातमी होती. नवीन ती फक्त मला होती.

“अजून एक देजो,” अंगणातून बाबांनी हाक मारली.

मी त्याच डब्यातला दुसरा तुकडा कापून नेला. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात मांडीवर दाबून धरला होता.

“साल थोडी जास्त झाली का, बाबा?” मी विचारले.

त्यांनी घास तोंडात धरून प्रामाणिकपणे विचार केला.

“नाही. बरोबर हाय. एवढीच ठेव.”

सालीचा डबा आईने दोन दिवसांत चहात बुडवून संपवला. शिजला तर हाच होता, असे तिचे म्हणणे. मी दुसऱ्या दिवशीच होकार कळवला. मी घरी राहिल्याने आजार थांबणार नव्हता, एवढे मला कळत होते. आणि मी न जाण्याने त्यांची दोन वर्षांची मेहनत मात्र वाया गेली असती. बातमी सांगितली तेव्हा बाबा “बरं झालं” म्हणाले, दोनदा म्हणाले. त्यांना आनंद झाला होता, हे मला आवाजावरून समजले. चेहऱ्यावर काहीही उमटले नाही. या आजाराच्या त्या खुणेबद्दलही मी वाचले होते.