मुक्तीच्या यादीतला सोमा

हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत की त्यात घडलेलं किती आणि सांगता सांगता चिकटलेलं किती, याची आता मलाच खात्री नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. वेठबिगार शोधायच्या सर्वेला मला आदिलाबादहून धाडलं. आम्ही ज्याचं नाव लिहू, त्याला मुक्तीचा दाखला. ज्याचं सुटेल, तो तिथंच!

बेला गावाकडे संत्र्याची एक बाग होती. मालकानं सालदार आधीच ओळीत बसवून ठेवले होते. मी चष्मा लावतोय तोच पहिला म्हणाला, "राजीखुशीनं." मग दुसरा. मग तिसरा. मी अजून काही विचारलंच नव्हतं!

बागेला कुंपण नव्हतं, फाटकही नव्हतं. एका म्हाताऱ्याला विचारलं, बाहेर कधी गेला होतात? त्यानं बांधापलीकडे बोट दाखवलं. "रस्ता त आहे साहेब," म्हणाला. "पण तिकून कोणी बलावलं नाही."

आमचे ड्रायव्हर रशीदभाई. त्यांनी सगळ्यांना चहा दिला. कप हातात, पण कोणी पिईना. ओसरीवर मालक खोकला आणि सगळे कप एकदम ओठांना लागले. रशीदभाई मला हळूच म्हणाले, "साब, खाँसी न आती तो?"

विहिरीवरच्या माणसाला मोट सोडून येता येईना, म्हणून त्याची बायको आली. नवऱ्याचं नाव विचारलं तर गप्प. मालक म्हणाला, सोमा लिहा. बाईनं मान हलवली. नाही म्हणून, दोनदा. मी पेन थांबवलं. सोबतचे महसूल खात्याचे गिरदावर हसले. "सर, बाई नवऱ्याचं नाव घेत नसते. काऊन लाजवून राह्यले तिले?"

मीही हसलो. सोमा लिहिलं.

दाखले वाटायच्या दिवशी सोमाचा पुकारा झाला. तो माणूस पुढे आला, पण अंगठा देईना. "मी सोमा नाही साहेब. मी किसन. मोटेवर जो येते, त्याले मालक सोमाच म्हणते."

दाखले देणाऱ्या साहेबांनी कागद पाहिला, माणूस पाहिला. नाव जुळेना. कागद फायलीत गेला, किसन मालकाच्या बैलबंडीत. मी मध्ये काही बोललो का? बोललो असेन. आठवत नाही.

रिटायर झाल्यावर तहसिलीत जाऊन मृत्यूची जुनी वही काढायला लावली. नोंद सापडली. सोमा, सालदार, त्याच बागेतला. आमची जीप तिथं गेली, त्याच्या नऊ वर्षं आधी वारलेला.