डब्यातली पन्नी

भूत, पिशाच्च, बाहेरचं... आमच्या घरात यातलं काहीच मानत नाहीत. आम्ही बौद्ध. माहेरच्या गावात कुणाच्या अंगात आलं की माझे वडील म्हणायचे, "त्याले पोटभर जेऊ घाला, आपोआप उतरते." मीही तशीच. बहिणीकडून जुनी मासिकं येतात, त्यात लोकांचे असले अनुभव छापलेले असतात. ते वाचून मी मनात म्हणायचे, जेवला नसेल बिचारा.

आता मीच लिहायला बसले आहे. कुठे पाठवणार नाही. मी चौथी शिकलेली, तीही तुमसरकडच्या माहेरच्या शाळेत, मराठीतून. माझी मुलगी प्रज्ञा इथे बालाघाटला हिंदीत शिकली, तिला मराठी वाचायचा कंटाळा येतो. त्यामुळे वहीतलं वहीतच राहील. पण मासिकात सांगतात तसं पहिल्यापासून सांगते, म्हणजे काही सुटायला नको.

प्रज्ञाचे बाबा भरवेलीच्या खाणीत जमिनीखाली काम करायचे. तीन वर्षांपूर्वी ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, छातीत कळ आली आणि गेले. क्वार्टर सोडावं लागलं. आता आम्ही दोघी बालाघाटात, भरवेलीच्या रस्त्याला, भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली प्रज्ञाचं टेबल, आतल्या खोलीत माझी चूल... म्हणजे गॅसच, पण मी चूलच म्हणते.

त्यांची एक सवय सांगितली पाहिजे. घरात नवी वस्तू आली की तिच्यावरचं प्लास्टिक ते काढू देत नसत. "राहू दे, नवी राह्यते." आमच्या फ्रिजच्या दारावर अजून कंपनीची निळी पन्नी आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत, भिंतीवरचं घड्याळसुद्धा पिशवीत. कुठे पन्नी सुटू लागली तर मी नखाने बुडबुडे काढत परत चिकटवायचे. तीन वर्षांत मी ती सवय सोडली नाही.

या थंडीत प्रज्ञाने नवा कॉम्प्युटर बनवला. विकत आणला नाही, बनवला. एकेक भाग कुरिअरने येत होता. पुण्याच्या एका ऑफिसचं घरबसल्या काम मिळत होतं. घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल याची चित्रं करायची. भिंती, फरशी, खिडकीतून आत पडणारं ऊनसुद्धा. आधी चाचणी होती. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत एक पूर्ण घर करून पाठवायचं. पसंत पडलं तर काम कायमचं, आणि प्रज्ञा इथेच राहणार. नाही तर नागपूरला मैत्रिणीच्या ऑफिसात एक जागा होती. मला काय हवं होतं ते सांगायला नको. पण मी तिला तसं कधी म्हटलं नाही. मला बोलता येत नाही.

मंगळवारी सकाळी तिने वर्तमानपत्र अंथरून सगळं मांडलं. मी दारात बसून पाहत होते. मुख्य चिप एवढीशी, शेंगदाण्याच्या चिक्कीच्या तुकड्याएवढी. ती तापते म्हणून तिच्यावर एक जड पंखा बसवतात, त्याला कूलर म्हणतात. त्याचं बूड तांब्याचं, आरशासारखं चकचकीत. तेवढ्यात गल्लीत सिलिंडरची गाडी आली आणि प्रज्ञा धावत बाहेर गेली.

कूलर पालथा ठेवलेला होता. शेजारी त्याच्याच मापाची पारदर्शक पन्नी पडलेली, कडेला लाल इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी येत नाही. मला वाटलं, सुटली. एवढं चकचकीत तांबं, ओरखडा पडेल. मी पन्नी उचलली, नीट बसवली, नखाने बुडबुडे काढले. इतकी छान बसली की कडेची लाल अक्षरं सोडली तर पन्नी आहे हे दिसतही नव्हतं. मला बरं वाटलं — माझाही हात लागला.

प्रज्ञा आली, चिपवर राखाडी पेस्ट लावली, कूलर बुडाकडे न पाहताच उचलून वर ठेवला आणि चार स्क्रू कसले.

संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू झाला, आणि पंधरा मिनिटांत बंद पडला. परत सुरू केला, परत बंद. पडद्याच्या कोपऱ्यात चिप किती तापली त्याचा आकडा दिसायचा. आकडे मला वाचता येतात. सत्तर, ऐंशी, ब्याण्णव, अठ्ठ्याण्णव... आणि काळोख.

"आई, पंखे तं सारे फिरून राह्यले. मंग गरम काहून होऊन राह्यलं?"

बुधवारी ती म्हणाली, "आई, एक अगरबत्ती दे."

"वंदनेची वेळ कुठं झाली अजून?"

"वंदनेसाठी नाही वं. हवा कुठून जाते ते पाहाचं आहे."

तिने पेटती अगरबत्ती कॉम्प्युटरच्या पेटीसमोर धरली. धूर पुढून आत गेला आणि मागून बाहेर आला. म्हणजे पंखे बरोबर लागले होते. नेमकी तेव्हाच शेजारची शांताबाई वाटी घेऊन दही मागायला आली.

"आता पूजा करून राह्यले का? आणला तेव्हाच नारळ फोडाचा होता, पोरी."

"काकी, नारळ फोडला असता तं पाणी आत गेलं असतं," प्रज्ञा म्हणाली. आम्ही तिघी हसलो. त्या आठवड्यातलं ते शेवटचं हसू.

मग तिने पेटीची बाजूची लोखंडी पत्री काढून ठेवली आणि समोर टेबल फॅन लावला. पौषातली थंडी, आम्ही दोघी शाली गुंडाळून, आणि खोलीत फॅन घरघरतोय. आकडा हलला नाही.

गुरुवारी दुपारी तिने दुकानदाराला फोन केला. फोन मोठ्या आवाजात होता, मी आत कणीक मळत होते.

"बेटा, कूलर के नीचे की पन्नी निकाली थी ना?"

"भैया, बच्ची समझा है क्या? अपने हाथ से निकाली थी."

"फिर भी एक बार खोल के देख लो."

"पेस्ट खतम हो गई. आपके पास है?"

"सोमवार को आएगी. बिना पेस्ट के मत खोलना."

माझा हात परातीत तसाच राहिला. पन्नी. त्या एका शब्दात मला सगळं समजलं. मी उठून दारात आले.

"प्रज्ञा..."

"आई, आता नको बोलू. डोकं फिरून राह्यलं माझं."

"चहा ठेवू का, म्हटलं."

असं म्हटलं मी.

शुक्रवारी तांदूळ निवडताना मी वाक्य जुळवलं. "बाई, ती पन्नी मीच चिकटवली." एवढंच तर म्हणायचं होतं. पाच शब्द. बाहेर प्रज्ञा दर दोन मिनिटांनी काम साठवत होती, मशीन बंद पडलं की दहा मिनिटं निवू देत होती, आणि परत सुरू करत होती. तांदूळ निवडून झाले. मी ते परत निवडले.

यात प्रज्ञाच्या बाबांचाही दोष आहे, आणि गेलेल्या माणसाचा दोष लिहू नये हे मला माहीत आहे. माझं कुठे काही चुकलं की ते म्हणायचे, "तू गप राह्य, मी पाहतो." प्रज्ञाच्या शाळेचा फॉर्म मी भलत्याच जागी सही करून वाया घालवला, तेव्हाही ते स्वतः शाळेत जाऊन सांगून आले, "माझ्याकडून झालं" म्हणून. बावीस वर्षं मी गप राहिले आणि ते पाहत राहिले. लोक म्हणायचे, किती चांगला नवरा. हौ, चांगलाच होता. पण मला स्वतःची एक चूक स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही, ही त्या चांगुलपणाची देणगी आहे.

शनिवारी पाच वाजता घर अर्धंच झालेलं होतं. फोन आला. प्रज्ञा उभी राहून बोलली, "जी सर... मशीन की वजह से... जी. समझ सकती हूँ सर." तिने फोन ठेवला, टेबल फॅनची वायर नीट गुंडाळली आणि म्हणाली,

"मीच कुठंतरी चुकली आई. मले येतच नसन हे."

मी म्हटलं, "जेवून घे."

रविवारी सकाळी आम्ही कुलूप लावून विहारात गेलो. चावी माझ्या कमरेला. निघताना प्रज्ञाने कॉम्प्युटरवर चादर टाकली होती, रागानेच. दुपारी परत आलो, पण चादरीला कोणी हात लावला नाही. सोमवारी दुकानात न्यायचा म्हणून तिने चादर काढली, तर बाजूची पत्री जागेवर बसवलेली.

"तू लावली?"

"मले कुठं येते ते? तूच लावली असशीन."

"मी काहून लावू? मले तं आज उघडूनच न्याचा होता."

तिने हाताने स्क्रू फिरवून पाहिले. एकही हलेना.

इथे प्रज्ञाच्या बाबांची दुसरी सवय सांगायला हवी. त्यांनी बंद केलेली वस्तू दुसऱ्या कोणाला उघडत नसे. लोणच्याची बरणी, नळ, सगळं इतकं घट्ट की मी चिडून म्हणायचे, काय खाण बंद करून राह्यले का? सोमवारी मला ते आठवलं, आणि मी तो विचार झटकून टाकला. आम्ही मानत नाही.

दुकानदाराने स्क्रूला पक्कड लावली. "किसने कसा है इसको? घर में कोई पहलवान है क्या?" प्रज्ञाने माझ्याकडे बोट दाखवलं. तो हसला.

त्याने आधी मशीन चालवून पाहिलं. बावन्न. चोपन्न. प्रज्ञाचंच अर्धं घर त्याने त्याच्यावर चालवलं. एक तास झाला. अठ्ठावन्न. "इसमें तो कुछ है ही नहीं, बेटा."

प्रज्ञाचा चेहरा मी पाहिला. मशीन बिघडलेलं निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. "फिर भी खोलिए, भैया," ती म्हणाली.

मी ठरवलं होतं. पन्नी निघाली की तिथेच, त्या माणसासमोर, सांगून टाकायचं. त्याने चार स्क्रू काढले, कूलर उचलून उलटा केला. तांबं. त्यावर राखाडी पेस्ट, सगळीकडे सारखी. पन्नी नव्हती.

"एकदम सही लगाया है तुमने," तो म्हणाला.

माझं तोंड उघडलेलं होतं. मी ते मिटलं. काय सांगणार होते? जी पन्नी नाहीच ती मी चिकटवली?

परत येताना ई-रिक्षात पेटी दोघींच्या मांडीवर होती. प्रज्ञा बाहेर पाहत म्हणाली, "म्हणजे मशीन चांगलंच होतं."

पुढच्या रविवारी ती नागपूरला जायला निघाली. सकाळची बस. वाटेत खायला द्यावं म्हणून मी वरच्या फळीवरून तिच्या बाबांचा डबा काढला. तीन कप्प्यांचा, खाणीत न्यायचे तो. हा डबा त्यांनी कधी रिकामा परत आणला नाही. घरचं भांडं रिकामं येऊ नये म्हणायचे. पेपरमिंट, चार बोरं, काही नाही तर खाणीतला चमकणारा काळा दगड. संध्याकाळी डबा उघडून पाहणं हा माझा रोजचा आनंद होता. शेवटच्या दिवसानंतर मी तो घासून, पुसून ठेवला होता. रिकामा.

झाकण निघेना. लाटण्याने ठोकलं तेव्हा निघालं. सगळ्यात खालच्या कप्प्यात ती पन्नी होती. तीच, लाल अक्षरांची. एका बाजूला वाळलेली राखाडी पेस्ट, आणि पेस्टमध्ये अंगठ्याचा ठसा. रुंद, आखूड, वरून सरळ कापल्यासारखा. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक खाणीत गेलं होतं. मी माझा अंगठा शेजारी धरून पाहिला. माझा त्याच्या निम्माही नाही.

"आई, झालं का? बस निघन!"

मी तिला पोळ्या प्लास्टिकच्या डब्यात दिल्या.

वाचणारा म्हणेल, बाईनेच काढली असेल आणि विसरली असेल. मीही तसंच म्हटलं असतं. पण ते चार स्क्रू कोणत्या हत्याराने निघतात हेसुद्धा मला माहीत नाही. आणि दुकानात निघाली ती पेस्ट सरळ तांब्याला लागलेली होती. पेस्टची ट्यूब तर मंगळवारीच संपली होती, रिकामी ट्यूब मीच केरात टाकली. मग ही पेस्ट कोणी लावली, कुठून आणली? पन्नी समोर ठेवून मी पुष्कळ विचार केला आहे. मला उत्तर सापडलेलं नाही. कुणी समजावून सांगितलं तर ऐकायची तयारी आहे, पण त्यासाठी कुणाला तरी सांगावं लागेल.

आणि समजा, ते आले होते. तर मला एवढंच म्हणायचं आहे की रविवारी कशाला आलात? शनिवारी पाचच्या आधी यायचं होतं. मुलीचं काम गेल्यावर येऊन काय पाहिलंत... माझी चूक तेवढी लपवलीत. तेच एक तुम्हाला येत होतं.

पन्नी परत डब्यातच ठेवली आहे. प्रज्ञाने सांगितलं म्हणून आठवड्यातून एकदा कॉम्प्युटर चालू करते. आकडा चाळीसच्या वर जात नाही.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. नागपूरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तापतो म्हणाली.

"खालची पन्नी काढली का, विचार," माझ्या तोंडून निघालं.

ती हसली. "तुले काय माहीत वं पन्नीचं?"

परत तीच वेळ आली होती. ती तिकडे थांबली होती, ऐकत होती.

"दुकानात ऐकलं होतं," मी म्हटलं.