जावेची भरलेली होडी

त्या वर्षी देवीवरचा माझा विश्वास उडाला होता आणि त्याला कारण माझी मोठी जाऊ. आम्ही मुरुडजवळच्या कोळीवाड्यातल्या. तेव्हा होड्यांना इंजिन नव्हते, सगळे शिडावर. तिच्या नवऱ्याची होडी भरून यायची, माझ्या नवऱ्याची अर्धी. तिला तीन मुलगे, मला मूल नाही. नवस मात्र दोघींनी एकाच देवीला केलेले. मला तिचे हसणेसुद्धा सोसत नसे.

नारळी पुनवेनंतर दोन्ही होड्या बरोबर गेल्या आणि वादळात चुकामूक झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची आली, मासळीने भरलेली. माझी आली नाही. जाऊ गुडघाभर पाण्यात उभी राहून हातवारे करत होती. मला वाटले, मासळी मिरवतेय. मी पाठ फिरवली आणि कौल घ्यायला देवळात गेले.

गुरवाने देवीला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "काय इचारू?" तो म्हणाला. नवरा जिवंत आहे का, हे विचारायचे होते. तोंडातून निघाले, "तिची आली, माझी का न्हाय?"

"असा कौल लागत न्हाय गो. होय का न्हाय, तेवढाच इचार."

मी प्रश्न बदलला नाही. तशीच बसून राहिले. पाकळी एकही पडली नाही. दिवस कलताना जाऊ धापा टाकत आली.

"हितं काय बसलीस? चल बंदरावर. तुझा माणूस आनलाय."

उलटलेल्या होडीला धरून तो तरंगत होता. थोरल्या दिरांना वाटले होते, भाऊ आधीच पोचला असेल. सकाळी ते मासळी उतरवणार होते, पण जावेने पाण्यात उभी राहून, हातवारे करत होडीचा दोर बांधूच दिला नाही. "कुजली तं कुजू दे," म्हणाली, "पयला भावाला आना." दीर भरल्या होडीनिशी तसेच परत समुद्रात गेले आणि सगळी मासळी उन्हात कुजली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ती पाट्या भरभरून नारळाच्या वाडीत खताला टाकली. पुढे प्रत्येक भांडणात तिने ते बोलून दाखवले. दाखवू दे.

देवीने कौल दिला की नाही, मला ठाऊक नाही. मागायचे ते मी मागितलेच नव्हते, तरी मिळाले. हेवा काही गेला नाही. तिला नातू झाला तेव्हाही माझ्या पोटात दुखले. आता मी तेही देवीपासून लपवत नाही. हात जोडते आणि म्हणते, मला नीट मागता येत नाही, तू तुझ्या मनाने दे.