नसलेला ठिपका

"हे सून येडी हाये असं लिहून द्या डॉक्टरीणबाई. म्हंजे पोराचं दुसरं लगन लावता येईन."

अंजनगाव सुर्जीची सासू माझ्या टेबलाशी उभी होती. मागे तिचा मुलगा आणि सून, सुमन. भाजीमळ्याचं घर. सुमन जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी, मान आखूड. विशीला आली तरी पाळी आली नव्हती.

"येडी कशावरून?" मी विचारलं.

"पाव्हणे आले का कणगीमागं लपते. बाजारातून घरची वाट गवसत नाही. कोनी मस्करी केली तं रडते. मस्करी समजतच नाही तिले."

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. अमरावतीच्या दवाखान्यात मी नवीनच लागले होते. आमचे सर हुशार फिजिशियन. त्यांनी सुमनशी अर्धा तास बोलून निकाल दिला, वेड वगैरे काही नाही. तिची मान आणि उंची पाहून मात्र त्यांना वेगळीच शंका आली. "स्मिअर घ्या," ते म्हणाले.

स्मिअर म्हणजे गालाच्या आतली बाजू पट्टीनं हलकेच खरवडायची, निघालेल्या पेशी काचेवर पसरून त्यांना रंग द्यायचा. बाईच्या पेशीत, केंद्रकाच्या काठाला, एक गडद ठिपका दिसतो. पुरुषाच्या पेशीत तो नसतो. ही तपासणी तेव्हा नवी होती. आमच्या दवाखान्यात ती कुणी केलेली नव्हती, त्यामुळे आम्ही दोघंही हरखून गेलो होतो.

मी सूक्ष्मदर्शकाखाली काचेमागून काच पाहिली. "सर, ठिपका नाही."

सरांनीही पाहिलं. मग ओपीडीत येऊन, बायकांच्या रांगेदेखत ते म्हणाले, "ही वेडी नाही. पण हिच्या पेशी पुरुषाच्या आहेत."

"म्हंजे? आमी बाप्या नांदवून राहिलो का?" सासू ओरडली. रांग फिदीफिदी हसली. सुमन कुणाकुणाच्या तोंडाकडे पाहत राहिली. ही मस्करी आहे की काय, तेच तिला उमगत नव्हतं.

नवरा माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "बाई, लोकं काई म्हनो. तुमी फक्त सांगा, हे बाईच हाये ना? असंन तं मी नेतो घरी."

मी सरांकडे पाहिलं. सर काच पुसत होते. मी पुढच्या पेशंटचा कागद ओढला. तो आईच्या मागोमाग निघून गेला. सुमन बाकावरच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी निरोप मिळून दर्यापूरहून तिचे वडील आले आणि तिला घेऊन गेले.

काही वर्षांनी, माझी अकोल्याला बदली झाल्यावर, एका जर्नलमध्ये वाचलं. बाईच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात. गुणसूत्र म्हणजे पेशीतला आनुवंशिक धागा. ठिपका हा त्यातल्या दुसऱ्या एक्सचा. काही मुलींना एकच एक्स असतो, म्हणून ठिपका नसतो. पण पुरुषात असतं ते वाय नावाचं गुणसूत्रही नसतं. म्हणजे त्या मुलीच. पुढे हेही वाचनात आलं की अशा मुलींपैकी काहींना दिशा लवकर कळत नाहीत, समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही, अनोळखी माणसांत जीव घाबरतो. ते वेड नव्हे. आणि घरादारानं टोचून खाल्लं तर कणगीमागं कोण लपणार नाही? वाचताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एसटीनं दर्यापूर गाठलं. सुमन देवळापाशी हार विकायला बसली होती. रोज तीच जागा. वाट चुकायला नको म्हणून वडिलांनी घराच्या समोरच बसवलेली.

"सुमन, आमचं चुकलं गं. तू बाईच आहेस. आता पक्कं कळलंय."

तिनं सुई थांबवली नाही. "मले काहून सांगता बाई? मले तं तवाबी मालूम होतं. त्याले सांगाचं होतं. त्यानं ईचारलं होतं ना तुमाले."

त्याचं दुसरं लग्न होऊन दोन लेकरं झाली होती, हेही तिनंच सांगितलं. मी खाली मान घालून परत फिरले.

सर भेटले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या वेळी पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं."

खरं होतं ते. पण 'ठिपका दिसत नाही, त्याचा अर्थ मला नक्की ठाऊक नाही,' एवढं त्या माणसाला सांगायला कुठलंच पुस्तक लागत नव्हतं.